अंगणाचे कुंपण

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. ‘कुंपणच शेत खाते’ ही दुसरी म्हणही तितकीच परिचित आहे. निवडुंगाचे, शेराचे किंवा निर्गुडीचे जिवंत कुंपण ज्याने पाहिले आहे, त्याला ही दुसरी म्हण शब्दशः खरी वाटेल. कारण अशा कुंपणाची मुळे आत सरकतात, सावली वाढते आणि बांधालगतचे पीक खुरटते. कोकणात काठ्यांची व काट्यांची वई घालतात. जेथे जांभा दगड विपुल आहे, तेथे दगडावर दगड रचून गडगा उभारतात. त्या मानाने फळ्यांचे कुंपण आपल्याकडे कमी दिसते. पाऊस आणि वाळवी हे लाकडाचे दोन वैरी येथे प्रबळ आहेत. कोकणात वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अशा ठिकाणी लाकडी कुंपण घालावयाचे, तर ते विचारपूर्वकच घातले पाहिजे.

पहिले काम हद्द निश्चित करण्याचे. हद्दीचे दगड शोधून काढावेत आणि शेजाऱ्यांना समक्ष बोलावून, त्यांच्या देखत दोरी ताणावी. शंका असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेता येते. वीतभर जमिनीपायी दोन घरांचे बोलणे पिढ्यान्‌पिढ्या बंद झाल्याची उदाहरणे गावोगावी आहेत. म्हणून या कामात घाई करू नये.

अंगणाचा कोपरा काटकोनात आहे की नाही, हे कसे ओळखावे? एका बाजूवर कोपऱ्यापासून 3 मीटरांवर खूण करावी, दुसऱ्या बाजूवर 4 मीटरांवर. या दोन खुणांमधील अंतर बरोबर 5 मीटर भरले, तर कोन काटकोन समजावा. हा नियम आपल्या पूर्वजांस ठाऊक होता. यज्ञवेदी आखण्यासाठी रचलेल्या शुल्बसूत्रांत तो आढळतो, आणि ‘शुल्ब’ या शब्दाचा अर्थच दोरी असा आहे!

आता एक हिशेब करा. अंगणाची एक बाजू 18 मीटर लांब आहे आणि दर 2 मीटरांवर एक खांब रोवावयाचा आहे. खांब किती लागतील? पुष्कळ मुले चटकन नऊ असे सांगतात. परंतु नऊ ही खांबांमधील गाळ्यांची संख्या झाली. खांब लागतील दहा. मात्र हेच कुंपण 18 मीटर लांब व 12 मीटर रुंद अशा अंगणाच्या चारही बाजूंनी फिरवून आणले, तर गाळे तीस आणि खांबही तीसच होतात. असे का, ते आकृती काढून पाहावे.

कुंपणाचे आयुष्य दिसणाऱ्या फळ्यांवर अवलंबून नसते. ते खांबावर, आणि त्यातही खांबाच्या एका अरुंद पट्ट्यावर अवलंबून असते. कुंपण जमिनीवर 120 सेंटिमीटर उंच हवे असेल, तर खांब 180 सेंटिमीटरांचा घ्यावा आणि त्याचा तिसरा हिस्सा जमिनीत पुरावा. जुना खांब उपटून पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. अगदी तळाचे लाकूड पुष्कळदा शाबूत असते, वरचेही शाबूत असते. खांब कुजलेला असतो तो नेमका मातीच्या पृष्ठभागाशी. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीस ओलावा आणि हवा ही दोन्ही लागतात. खोल मातीत हवा अपुरी पडते, वर ओलावा लवकर वाळतो. जमिनीलगत मात्र तिला दोन्ही मिळतात.

म्हणून खांब निवडताना लाकडाच्या गाभ्याचा घ्यावा. सागाच्या गाभ्यास वाळवी सहसा लागत नाही. परंतु त्याच सागाचा बाहेरचा पांढुरका थर ती आनंदाने फस्त करते. खांब पूर्ण वाळल्यावरच त्याच्या खालच्या भागास डांबर लावावे आणि ते जमिनीच्या वर वीतभर येऊ द्यावे. ओल्या लाकडास डांबर लावणे म्हणजे ओलावा आत कोंडून ठेवणे होय.

खड्ड्याच्या तळाशी चार बोटे खडी टाकावी, म्हणजे पाणी साचत नाही. खांब उभा करून तो ओळंब्यात आहे की नाही, हे दोन बाजूंनी पाहावे. मग थोडथोडी माती टाकून प्रत्येक थर पहारेने ठोकून घट्ट करावा. सगळी माती एकदम लोटून वरून पायाने दाबणारे गडी असतात. त्यांचे खांब पहिल्याच पावसात डुलू लागतात. शेवटी बुंध्याशी मातीचा उतार बाहेरच्या बाजूस ठेवावा. खांबाचा माथाही तिरका कापावा, म्हणजे त्यावर पाणी ठरत नाही.

पुढचे काम सोपे आहे. खांबांना आतल्या बाजूने दोन आडव्या पट्ट्या ठोकाव्यात. त्या बाहेरून असल्या, तर भटक्या माणसास शिडीच मिळते! त्यांवर उभ्या फळ्या जस्ताचा मुलामा दिलेल्या खिळ्यांनी बसवाव्यात. फळ्यांमध्ये बोटभर फट असावी, कारण लाकूड पावसात फुगते; शिवाय वाऱ्यासही वाट मिळते. फळ्या जमिनीपासून चार बोटे वर असाव्यात.

फाटकास एक तिरपा दांडा अवश्य द्यावा. तो बिजागरीकडील खालच्या कोपऱ्यातून कडीकडील वरच्या कोपऱ्यात गेला पाहिजे, म्हणजे फाटकाचा भार तो पेलतो.

दरवर्षी वैशाखात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, प्रत्येक खांबाच्या बुंध्याची माती बाजूस सारून वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली चाकूचे टोक लाकडात टोचून पाहावे. ते अडले तर खांब ठीक आहे. लोण्यात शिरावे तसे शिरले, तर वरून तो कितीही धडधाकट दिसो, त्याच आठवड्यात बदलून टाकावा.