चित्राला पत्ता हवा

पालकहो,

मुलीने चित्र दाखवले की आपण ‘छान गं!’ म्हणतो, फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतो आणि काही दिवसांत तो कागद रद्दीच्या गठ्ठ्यात जातो. मुलांना हे कळते. म्हणून एक सुचवावेसे वाटते: मुलांच्या चित्राला पत्ता द्या. त्यांना स्वतःच्या हाताने पोस्टकार्डे छापू द्या आणि ती खरोखर टपालात टाका.

छपाईसाठी जेल प्लेट घ्या. ही हाताला लिबलिबीत लागणारी पाटी कलासाहित्याच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते. जिलेटिन आणि ग्लिसरीन वापरून ती घरीही करता येते. जिलेटिन प्राणिज असते, म्हणून शाकाहारी घरांनी प्राणिज घटक नसलेली तयार पाटी पाहून घ्यावी. पाटीवर अ‍ॅक्रिलिक रंगाचे थोडे थेंब टाकून रोलरने पातळ थर पसरायचा. शिरांची बाजू खाली करून त्यावर पान ठेवायचे, वर कागद घालून तळहाताने दाबायचे आणि उचलायचे. या पहिल्या छापात पानाची जागा कोरी राहते. आता पान हळूच काढा आणि लगेच दुसरा कागद दाबा. पानाखाली राहिलेला रंग त्यावर येतो आणि शीर न् शीर उमटते. मुलांना खरा आनंद या दुसऱ्या छापाचा होतो.

पिंपळ, पेरू, शेवगा, नेचा यांची पाने सुंदर उमटतात. कण्हेर आणि रुई मात्र टाळा. त्यांचा चीक विषारी असतो.

छाप वाळला की त्यावर फुले येऊ द्या. देठाकडून आडवी कापलेली भेंडी म्हणजे तयार फूल. कापलेली बाजू फडक्याने टिपून घ्या, नाहीतर बुळबुळीत रसात रंग पसरतो. अर्ध्या कांद्याच्या कड्या मोठ्या फुलासारख्या दिसतात. जाड खोडरबरावर पाकळ्या कोरायच्या असतील तर कटर मोठ्यांनीच हातात घ्यावा.

मग छाप १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद अशा जाड कार्डशीटवर चिकटवा. मागची बाजू कोरी ठेवा: डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता.

आपली खरी परीक्षा इथे आहे. रंग जाड झाला, छाप फिसकटला, ‘आज्जीस’ शब्दात एक ज कमी पडला, तरी हात आवरा. एका छापासारखा दुसरा कधीच येत नाही, हे मुलांना स्वतः शोधू द्या. मजकूरही सांगू नका. गावच्या आजोबांना ‘मांजरीला पिल्ले झाली’ एवढेच कळले तरी त्यांचा दिवस आनंदात जाईल.

पत्ता मात्र मुलांकडूनच नीट लिहून घ्या. पिनकोडचे सहा आकडे लिहिताना सांगा की ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले, संस्कृतचे विद्वान होते. महाराष्ट्र आणि गोव्याचे पिनकोड ४ ने का सुरू होतात, हा प्रश्न मुले विचारतीलच. देशाचे टपाल विभाग नकाशावर दाखवा. भारतात पहिले पोस्टकार्ड १८७९ साली निघाले, हेही सांगा.

टपाल कचेरीत मुलांना बरोबर न्या. हाताने केलेल्या कार्डाला किती तिकीट लागेल, हे खिडकीवर त्यांनाच विचारू द्या. पुढचे काही दिवस ती वाट पाहतील. त्या वाट पाहण्यात व्यत्यय आणू नका. ‘कार्ड मिळालं का?’ असा फोन आपण करायचा नाही.

आणि आजी-आजोबांनो, मामा-मावश्यांनो, आत्या-काकांनो, एक विनंती तुम्हालाही. कार्ड आले की उत्तर फोनवर देऊ नका. चार ओळी का होईना, पण कार्डावरच लिहा आणि वर मुलाचेच नाव घाला.