अधिकाऱ्याचे ओझे

शास्त्रपाठ : लूक ३:१०-१४

यार्देनेपाशी योहानाकडे जे लोक आले, त्यांत जकातदार होते व शिपाईही होते. चाकरी सोडा, असे त्याने त्यांस सांगितले नाही. धाकदपटशाने कोणाचा पैसा काढू नये, खोटा आळ घेऊ नये, वेतनात समाधान मानावे, एवढेच शिपायांस सांगितले. हा उपदेश आजही किती लागू पडतो, हे एका उदाहरणावरून पाहू.

अमेरिकेत मिसूरी राज्यात सेंट लुईसजवळ फर्ग्युसन नावाचे लहान शहर आहे. तेथे ९ ऑगस्ट २०१४ रोजी एका गोऱ्या पोलीस शिपायाच्या गोळीने १८ वर्षांचा एक निःशस्त्र कृष्णवर्णी तरुण मरण पावला. शिपायावर खटला झाला नाही, आणि शहर पेटले. मार्च २०१५ मध्ये सरकारी न्यायखात्याने तेथील पोलिसांचा कारभार उघड केला. वस्तीत कृष्णवर्णी लोक शेकडा ६७ होते, परंतु अटक झालेल्यांत ते शेकडा ९३ होते. दंडाच्या पैशाने शहराची तिजोरी भरावी, असा पोलिसांवर वरून दाब होता. गोळी हे निमित्त झाले. जखम जुनी होती. योहानाने जे वर्जिले, तेच तेथे नित्य घडत होते.

मे २०१६ मध्ये डेलरिश मॉस हे कृष्णवर्णी गृहस्थ तेथे पोलीसप्रमुख झाले. त्यांनी मायामीत तीस वर्षांहून अधिक पोलीसचाकरी केली होती. तरुणपणी एका पोलिसाने त्यांस वर्णावरून शिवी दिली होती, दुसऱ्याने भिंतीशी लोटून झडती घेतली होती. त्यांनी सूड धरिला नाही. ही रीत पालटावी म्हणून ते स्वतः पोलिसांत शिरले. अशा मनुष्याचे ओझे दुहेरी असते. दुखावलेले लोक त्याचा गणवेश पाहतात, आणि हाताखालचे शिपाई तो आपला की परका, हे पाहतात. मॉस ह्यांनी शिपायांसाठी एकच माप ठेविले: प्रामाणिकपणे व लोकांचा मान राखून काम करील त्यास भय नाही, न करील त्यास शिक्षा. २०१८ साली वृद्ध मातेच्या सेवेसाठी त्यांनी पद सोडिले, तेव्हा सुधारणेचे काम पुरे झाले नव्हते. मोडलेला विश्वास दोन वर्षांत सांधत नाही.

आपल्या मंडळ्यांतूनही कोणी पोलीसपाटील होतो, कोणी सरपंच, कोणी पंच. ज्याने अपमान सोसला, त्याच्या हाती काठी आली म्हणजे त्याची खरी परीक्षा होते.

विचारासाठी प्रश्न
१. योहानाने शिपायांस कोणत्या तीन गोष्टी सांगितल्या?
२. अधिकार मिळाल्यावर आपल्याच लोकांचा पक्ष धरणे हा न्याय आहे काय?
३. आपल्या गावी कोणाचा विश्वास मोडला आहे, व तो सांधण्यास मंडळीने काय करावे?