पालक देऊ नकोस, तळ्यात सोडू नकोस

कुरखेडा, नागपंचमी

चि. मनूस मामाचा आशीर्वाद.

काल रात्री ताईचा फोन आला. आधी रोवणीचं विचारलं, मग पावसाचं, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, मनूनं मैत्रिणीकडचं कासव घरी आणलंय. पाठीवर पिवळ्या चांदण्या आहेत, पालक आवडीनं खातं, दुधात भिजवलेली पोळीही खातं, फक्त पाठ बोटानं दाबली की दबते. शेवटी म्हणाली की शेजारचे काका सांगतात, भानगड नको, रामाळा तलावात सोडून द्या. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. बंटी उद्या चंद्रपूरला निघालाय, त्याच्या हाती हे देतो.

मनू, त्याला तळ्यात सोडू नकोस. आपल्या मालगुजारी तलावांत कासवं दिसतात म्हणून लोकांना वाटतं की सगळी कासवं पाण्यातली. तुझ्याकडचं स्टार कासव जमिनीवरचं आहे, ते गवतात फिरतं आणि पाला खातं. त्याला पोहता येत नाही. खोल पाण्यात टाकलंस तर ते बुडून मरेल, आणि तू समजशील की त्याला मोकळं केलं.

तुझा मामा नोकरीभर वनखात्यात नाकेदार होता हे तुला ठाऊक आहे, तरी मला न सांगता तू हे केलंस याचा राग आलाच. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघ ज्या यादीत त्याच यादीत. तीन ते सात वर्षांची कैद आहे. विकत घेतलं नाही, मैत्रिणीनं दिलं, हे म्हणून भागत नाही, घरात ठेवणं हाच गुन्हा. कासवानं घरात पैसा येतो असं कुणीतरी पसरवलं आणि त्यापायी ही मुकी जनावरं पोत्यांत भरून गावोगाव विकली जातात. तुझ्या मैत्रिणीच्या घरी ते असंच आलं असणार. मला त्या पोरीचाही राग नाही, तिलाही कुणी सांगितलं नसेल.

वनखात्याचा 1926 हा नंबर आहे, त्यावर आजच फोन कर. एकटीला भीती वाटत असेल तर मी रविवारी येतो, आपण दोघं जाऊन कासव त्यांच्या ताब्यात देऊ. लपवायचं काही नाही, जे झालं ते तसंच सांगायचं. तोवर मात्र त्याच्या पोटात काय जातं ते तुझ्या हाती आहे.

पालक आजपासून बंद. ताईनं तुला रक्त वाढावं म्हणून पालक खाऊ घातला, तू तोच जीव लावून त्याला घातलास, हे मला समजतं. पण पालकात ऑक्झॅलिक आम्ल फार असतं. ते चुन्याला, म्हणजे कॅल्शियमला, पोटातच बांधून ठेवतं, हाडापर्यंत पोचू देत नाही. कासवाची पाठ म्हणजे त्याची हाडंच. ती दबते याचा अर्थ हाडं मऊ पडली आहेत. दूध त्याला पचत नाही. पोळी, भात, वरण, बिस्किट यातलं काही नको. केळं-आंबा चाखायला दिला तरी पोट बिघडतं.

त्याचं खरं अन्न म्हणजे चोथा असलेला पाला. सगळ्यात जास्त हरळी घाल. कापून, धुऊन, थोडी ओलसर. त्यासोबत ताईच्या फाटकाजवळच्या जास्वंदीची पानं आणि फुलं दे, ती त्याला आवडतील. श्रावणात केना आणि पाथरी कुठेही उगवते, तीही चालते. भोपळ्याच्या वेलाची पानं चालतात. फड्या निवडुंगाचा तुकडा काटे पूर्ण काढून दिलास तर फारच उत्तम, त्यात चुना भरपूर असतो. शेवग्याचा पाला चिमूटभर, रोज नको. तुतीची पानंही चांगली, पण आपल्याकडे तुती कुठे शोधशील? आरमोरीच्या कोशाचे किडे ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढतात, म्हणून आपल्या भागात रेशीम आहे पण तुती क्वचितच. रोज एकच पाला घालू नकोस, आलटून पालटून दे.

आता बाल्कनीतली कण्हेर. ती कुंडी आजच बाहेर काढ. कण्हेरीचं पान हृदयावर जातं, माणसाच्याही. पिवळी बिट्टी तशीच. धोतरा, रुई, गुंज, एरंड यांच्याजवळ त्याला फिरू देऊ नकोस. रायमुनिया जंगलभर माजली आहे आणि फुलं देखणी आहेत, पण ती खाऊन गुरांचं यकृत बिघडतं. गाजरगवत नको. घरातला मनीप्लांटही नको, त्यानं तोंड सुजतं. आणि एक, आपण या दिवसांत कोवळा तरोटा हौसेनं खातो म्हणून त्यालाही घालशील, तर तो सारक आहे, राहू दे.

पाला कुठून तोडतेस हेही बघ. चंद्रपुरात औष्णिक केंद्राची राख आणि कोळशाची धूळ पानांवर बसते, रस्त्याकडेचं काही घेऊ नकोस. कापसाच्या धुऱ्यावरचं तर मुळीच नको. 2017 साली यवतमाळकडे फवारणीच्या विषानं शेतकरी आणि मजूर गेले, हे आपण विसरलेलो नाही. जिथं मोठी माणसं टिकली नाहीत तिथं कासवाचं काय? ताईच्या अंगणातलं तेवढं घे.

पाठीचं मात्र नुसत्या पाल्यानं भागणार नाही. त्याला सकाळचं ऊन हवं. उन्हाशिवाय खाल्लेला चुना अंगी लागत नाही, आणि काचेच्या खिडकीतून आलेलं ऊन त्या कामाचं नाही. उघडीप मिळाली की अंगणात सोड, सावलीची जागा ठेव, आणि तू तिथेच बस, कुत्री आणि कावळे असतात. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन मिळतं, त्याचा तुकडा जवळ ठेव, वाटलं तर कुरतडेल. पण गोळ्या-औषधं अंदाजानं देऊ नकोस. दबणारी पाठ जनावरांच्या डॉक्टरनंच बघायला हवी, म्हणूनच म्हणतो, 1926 ला लवकर फोन कर. उथळ ताटलीत कोमट पाणी ठेव, त्याची हनुवटी वर राहील इतकंच. पाणी म्हटलं की मला पुन्हा तो तलाव आठवतो. जंगलातही सोडू नकोस, मनू. ते कुठल्या मुलखातून आणलंय कुणाला माहीत, आणि घरात राहिलेल्या जनावराचे आजार रानातल्यांना लागतात. ते काम जाणत्यांनी तपासून करायचं असतं.

हे सगळं मी सांगतोय खरं, पण यातलं थोडंच मी नोकरीत शिकलो. तरुणपणी भामरागडकडे होतो तेव्हा सागाचा घेर आणि लाकडाचा हिशोब तोंडपाठ होता. माडिया बाया पावसात रानभाजीच्या टोपल्या घेऊन नाक्यावरून जायच्या. कोणतं पान कोवळं असताना खायचं, कोणतं उकळून पाणी फेकायचं, कोणत्याला हातही लावायचा नाही, हे त्यांच्यातल्या पोरींनाही ठाऊक होतं. मी टोपल्या तपासल्या, पण नावं विचारली नाहीत. ती खंत अजून जात नाही. तू निदान विचारतेस, ताईला, मैत्रिणीला, शेजाऱ्याला. फक्त मलाही विचार.

रागावलो ते मनातून काढून टाक. लहानपणी तू पंख मोडलेल्या साळुंकीसाठी दोन दिवस जेवली नव्हतीस, ते मी पाहिलंय. कासव द्यायला जाताना तू रडशील हेही मला कळतं. मी सोबत असेन, रडून घे.

रविवारी वडशाहून गाडी धरतो, चांदा फोर्टला उतरेन. ताईला सांग, जेवण तिकडेच. येताना घरामागची धुतलेली हरळी फडक्यात बांधून आणतो. तोवर पाठ जास्त दबते की तशीच आहे, हे रोज कळव, आणि त्याला नाव काय ठेवलंस तेही. ताईला ते सांगता आलं नाही.

तुझा
मामा