बालकल्याणाचा निधी आणि सभासदांची जबाबदारी

संस्था म्हटली की वर्गणी आली आणि वर्गणी आली की हिशेब आला. परंतु निराधार मुलांसाठी चालणाऱ्या संस्थेचा हिशेब इतर हिशेबांहून निराळा असतो, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. बँकेत एक रुपयाचा फरक पडला तरी खातेदार पासबुक घेऊन काउंटरवर येतो. आम्ही हे रोज पाहतो. वसतिगृहातील मूल कोणते पासबुक घेऊन कोणाकडे जाणार? ज्याच्या नावाने पैसा जमतो तोच विचारू शकत नाही, म्हणून विचारण्याचे काम सभासदांवर येते.

याचा वस्तुपाठ आपल्याच जिल्ह्यात आहे. 20 जुलै 1924 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सहा महिन्यांच्या आत, 4 जानेवारी 1925 रोजी, सभेने सोलापुरात हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. मुलांचे कपडे, लेखनसाहित्य आणि जेवण हा खर्च सभेने उचलला. सोलापूर नगरपालिकेने 40 रुपयांचे अनुदान दिले. तपशील एवढासाच, पण जमाखर्चाची सवय असलेल्या नजरेला त्यात दोन गोष्टी दिसतात. सभेचे चिटणीस सीताराम शिवतरकर होते, तर कोषाध्यक्ष एन. टी. जाधव, म्हणजे कारभार पाहणारा आणि पैसा सांभाळणारा एकच नव्हता. दुसरे म्हणजे, मुलांवरचा खर्च कशाकशावर झाला हे शंभर वर्षांनंतरही नावानिशी सांगता येते. आज कित्येक अहवालांत ‘बालकल्याणार्थ खर्च’ अशी एकच ओळ असते. तिच्यात ताटातला भात किती आणि जीपचे डिझेल किती, हे कोणी ओळखावे?

विनयपिटकात संघाच्या कोठारासाठी भांडागारिक नेमण्याची तरतूद आहे. तो पक्षपात, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी जाणारा नसावा आणि काय सुरक्षित आहे, काय सुरक्षित नाही हे त्याला ठाऊक असावे, अशी पाच लक्षणे सांगितली आहेत. त्यातील भय हा शब्द आम्हांस फार मार्मिक वाटतो. आपल्याकडे लबाडीपेक्षा भिडेपायी पैसा जास्त जातो. अध्यक्षांनी धनादेश पुढे केला, खजिनदाराने सही केली, संपले.

आता कायदा. सार्वजनिक न्यासांना 1950 चा विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू आहे. पूर्वी त्याच्या नावात ‘मुंबई’ होते, आता ‘महाराष्ट्र’ आहे. दरवर्षी 31 मार्चला हिशेब मिटवायचे, लेखापरीक्षण करून घ्यायचे आणि अनियमित वा अनुचित खर्च आढळल्यास लेखापरीक्षकाने तसे अहवालात लिहायचे. विश्वस्त बदलले तर 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा. संस्थेची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुले ठेवून घेणाऱ्या संस्थेला, अनुदान मिळो वा न मिळो, 2015 च्या बाल न्याय अधिनियमाखाली वेगळी नोंदणी सक्तीची आहे. तेव्हा देणगी देण्यापूर्वी दोन्ही नोंदणी क्रमांक मागावेत. त्यात संकोच कसला?

ताळेबंद पाहताना आपण शेवटची बेरीज पाहतो आणि जुळली की टाळ्या वाजवतो. खरी मेख निधीच्या हेतूत असते. समजा, एका दात्याने मुलींच्या फीसाठी 50,000 रुपये दिले. पैकी 30,000 फीला गेले आणि 20,000 पत्र्याच्या शेडला लागले. पावत्या खऱ्या, बेरीज बरोबर, कोणाच्या खिशात दमडी गेली नाही. तरीही मुलींचे 20,000 रुपये गेले. असे पैसे ताळेबंदात स्वतंत्र निधी म्हणून दाखवावेत आणि त्यांवरचे व्याजही तिथेच जमा करावे. उलट, मोठी शिल्लक ही नेहमीच शाबासकीची गोष्ट नसते. थंडीत मुलांना पांघरूण अपुरे आणि मुदत ठेव मात्र वाढती, असे असेल तर तेही विचारलेच पाहिजे.

आमच्या भागात देणगी पुष्कळदा धान्य, वह्या, कपडे अशी येते. ती रोकड वहीत दिसत नाही. तिच्यासाठी साठा नोंदवही हवी: आले किती, दिले किती, उरले किती. रोख मिळाली तर पावती फाडून रक्कम आहे तशी खात्यात भरावी, खर्च खात्यातून दोन सह्यांनी करावा. दात्यानेही लक्षात ठेवावे की 2017 पासून 2,000 रुपयांवरील रोख देणगीस आयकरात सवलत मिळत नाही.

मात्र हिशेब उघडा ठेवणे म्हणजे मुलांना उघडे पाडणे नव्हे. अहवालात मुलांची संख्या आणि दरडोई खर्च छापावा. नाव, फोटो आणि घरची कहाणी छापू नये.

समाजातील वाणिज्य शाखेच्या दोन-तीन विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा साठा नोंदवही घेऊन कोठीतली पोती प्रत्यक्ष मोजली, तर त्यांचा अभ्यासही होईल. लेखापरीक्षण 31 मार्चपासून सहा महिन्यांत पुरे व्हायचे असते. म्हणून ही मोजणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच, जुना साठा नव्यात मिसळण्यापूर्वी करावी.