फाईल दिसली म्हणजे आली असं नव्हे

इंटिग्रेशनच्या कामात तू नवी आहेस, म्हणून सगळ्यात आधी हे सांगते. फोल्डरमध्ये फाईल दिसली की ती आली असं धरू नकोस. समोरचा सर्व्हर ती अजून लिहीत असतो. अर्धी सीएसव्ही उचलली, तर बहुतेक वेळा एरर येतच नाही. फाईल नेमकी ओळीच्या शेवटी तुटलेली असली, तर आहेत तेवढे व्यवहार नीट चढतात, आणि उरलेले गेले कुठे हे महिनाअखेरीला हिशेब जुळेना म्हणजे कळतं.

फाईलवर लॉक आहे का ते तपास, असं तुला कुणीतरी सांगेलच. विंडोजवर ते बऱ्यापैकी चालतं. लिहिणाऱ्याने शेअरिंग बंद ठेवून फाईल उघडली असेल, तर दुसऱ्याला ती उघडताच येत नाही. लिनक्सवरचे लॉक मात्र सल्ल्यापुरते असतात, दोन्ही बाजूंनी पाळले तरच उपयोगाचे. त्यामुळे तुझ्या विंडोज लॅपटॉपवर पास झालेली टेस्ट लिनक्सच्या प्रॉडक्शनबद्दल काहीच सांगत नाही. साइज वाढायची थांबली का, हे पाहणं त्यापेक्षा बरं. अपाचे कॅमल या इंटिग्रेशन फ्रेमवर्कमध्ये रीडलॉक ‘चेंज्ड’वर ठेवला की तो हेच करतो, आणि डिफॉल्टने एका सेकंदाच्या अंतराने पाहतो. पण नेटवर्क मध्येच दोन मिनिटं अडकलं तर? थांबलेली साइज पाहून तो फाईल पूर्ण झाली असंच समजणार. हे अंतर वाढव, पण त्यावर विसंबू नकोस.

खरा उपाय पाठवणाऱ्याच्या हातात असतो, आणि तो त्याच्याकडून करून घेणं हे तुझं काम. फाईल तात्पुरत्या नावाने लिहायची आणि पूर्ण झाली की नाव बदलायचं. एकाच फाईल सिस्टिमवर नाव बदलणं एका झटक्यात होतं, अर्धवट अवस्था कुणाला दिसतच नाही. तात्पुरती फाईल दुसऱ्या डिस्कवर ठेवून मग हलवली, तर आतून पुन्हा कॉपीच होते आणि सगळं मुसळ केरात. नाव बदलणं जमत नसेल, तर मुख्य फाईल संपल्यावर त्याच नावाची एक रिकामी ‘डन’ फाईल टाकायला सांग. कॅमलला तिचं नाव दिलं की ती येईपर्यंत तो मूळ फाईलला हात लावत नाही. हे इंटरफेस डॉक्युमेंटमध्ये लिहून घे. फोनवरचं ‘हो हो, करतो’ पुरत नाही.

आता फोल्डरवर पाळत ठेवण्याबद्दल. लिनक्समध्ये २००५ पासून आयनोटिफाय आहे, मॅकवर एफएसइव्हेंट्स आहे, विंडोजचीही स्वतःची सोय आहे. तिन्ही आपापल्या मशीनवरच्या डिस्कसाठी चांगल्या. पण एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या फोल्डरमध्ये, दुसऱ्या मशीनने टाकलेली फाईल आयनोटिफायला कळत नाही. विंडोजमध्ये एकदम खूप फाईली आल्या की सूचनांचा बफर भरतो आणि सूचना गळतात; नेटवर्कवरच्या फोल्डरसाठी तो ६४ केबीपेक्षा मोठा ठेवताही येत नाही. दारावर थाप पडली तर दार उघडावं, पण थाप ऐकू आली नाही म्हणून कुणी आलंच नाही असं धरू नये. ठरावीक वेळाने फोल्डर स्वतः वाचायचंच. कॅमल मुळात तेच करतो. एनएफएसवर मात्र लिनक्स फोल्डरची माहिती साधारण ३० ते ६० सेकंद कॅशमध्ये ठेवतो, म्हणून दर अर्ध्या सेकंदाला वाचलंस तरी नवी फाईल लगेच दिसेलच असं नाही.

फाईलचं वय मोजताना तिची वेळ आपल्या घड्याळाशी ताडू नकोस, दोन सर्व्हरची घड्याळं क्वचितच तंतोतंत जुळतात. तिच्याच मागच्या नोंदीशी ताड. आणखी एक: विंडोज सर्व्हिसला तू लॉगिन करून जोडलेला झेड ड्राइव्ह दिसत नाही, तिला सर्व्हरच्या नावासकट पूर्ण नेटवर्क पाथच द्यावा लागतो. या एका गोष्टीवर लोक दिवस दिवस घालवतात.

नावांचीही एक गोम आहे. लिनक्सला लहान-मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी, विंडोजला सहसा एकच. लिनक्सवर वेळ लिहिताना नावात घातलेलं अपूर्णविराम चिन्ह विंडोजला चालतच नाही. आणि आपल्याकडे हमखास लागणारी गोष्ट म्हणजे ‘ऱ’. युनिकोडमध्ये तो एकसंध अक्षर म्हणूनही लिहिता येतो, आणि ‘र’खाली नुक्ता देऊनही. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्का तो फोडूनच ठेवत. लिनक्स नुसते बाइट ताडतो, त्यामुळे डोळ्यांना तेच दिसणारं नाव त्याला सापडत नाही. नावं ताडण्याआधी दोन्ही युनिकोडच्या एकसंध, म्हणजे एनएफसी, रूपात आण, आणि टेस्टच्या फाईलींत ‘कऱ्हाड’ नावाची एक फाईल मॅकवरून आलेली आणि एक विंडोजवरून आलेली, अशा दोन कायम ठेव.