विद्यापीठातील अध्यापकपद : पात्रता केव्हा ठरते?

१ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ अस्तित्वात आले. तत्पूर्वी जिल्ह्यातील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. केवळ एका जिल्ह्यासाठी स्थापन झालेल्या या विद्यापीठास २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. विद्यापीठ दारी आले खरे. परंतु तेथील अध्यापकपदे जिल्ह्यातील उमेदवारांसाठी राखून ठेवलेली नसतात. जाहिरात अखिल भारतीय पातळीवर निघते आणि सांगोल्याच्या उमेदवारास बनारसच्या उमेदवाराशी स्पर्धा करावी लागते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी सहायक प्राध्यापकपदासाठी संबंधित विषयाच्या पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के गुण आणि नेट अथवा सेट परीक्षेतील यश आवश्यक मानले. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग (नॉन-क्रीमी लेअर) व दिव्यांग उमेदवारांस गुणांत पाच टक्क्यांची सवलत ठेवली. विद्यापीठीय विभागांत पीएच.डी. अनिवार्य करण्याची तरतूदही त्यात होती. ती प्रथम लांबणीवर पडली आणि २०२३ च्या दुरुस्तीने पीएच.डी. ऐच्छिक झाली. सहयोगी प्राध्यापकपदासाठी मात्र पीएच.डी. व आठ वर्षांचा अनुभव, तर प्राध्यापकपदासाठी सामान्यतः दहा वर्षांचा अनुभव सांगितला आहे.

खरी मेख ५५ या आकड्यात आहे. नेटसाठी ५४.९ टक्क्यांचे ५५ होत नाहीत. म्हणजे जाहिरात निघण्याच्या कितीतरी आधी, एम.ए. किंवा एम.एस्सी.च्या एखाद्या सत्रातच, पात्रतेचा निर्णय होऊन जातो. पुढे वयाची अडचण नेटला नाही. संशोधन शिष्यवृत्तीला आहे. सेट ही परीक्षा महाराष्ट्र व गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. नेट मात्र देशभर चालते.

कृषी संशोधनात हा निर्णय आणखी लवकर होतो. सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ पासून चालू आहे, तर मोहोळच्या केंद्राने मालदांडी ३५-१ हे ज्वारीचे वाण दिले. ही दोन्ही केंद्रे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहेत. कृषी पदवीसाठी बारावीला विज्ञान शाखा लागते. अकरावीत दुसरी शाखा घेतलेल्या शेतकऱ्याच्या हुशार मुलास हा दरवाजा बंद झाल्याचे पुष्कळदा फार उशिरा कळते. दहावीच्या वर्गशिक्षकाने याबाबत दोन शब्द आधी सांगणे इष्ट ठरेल.

राखीव पदावरील नियुक्तीसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि येथे गावाचा थेट संबंध येतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचे पुरावे पाहिले जातात. आजोबांच्या नावाची नोंद असलेले शाळेचे जनरल रजिस्टर किंवा जन्ममृत्यूची जुनी नोंदवही हेच बहुधा ते पुरावे असतात. कसर लागलेली अशी रजिस्टरे कपाटाच्या तळाशी पडून असतील, तर ती यंदाच काढून, बांधणी करून ठेवावीत.