किल्ली हरवलेलं अ‍ॅप

2016 च्या उन्हाळ्यात प्रस्तुत लेखकाने मेहुण्याच्या दूध संकलन केंद्रासाठी एक छोटं अ‍ॅप बनवायला घेतलं. शेतकऱ्याचा नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटखेरीजचे घन घटक) टाकायचं आणि दहा दिवसांचं बिल काढायचं, एवढंच काम. जिओ अजून यायचं होतं. एक जीबीचा नेटपॅक महिनाभर पुरवून वापरायचे ते दिवस. अँड्रॉइड स्टुडिओ उतरवून घ्यायचा तर महिन्याचं नेट एका रात्रीत संपणार. मग मित्राचा पेन ड्राइव्ह आला. त्यात स्टुडिओ होता आणि शेजारी ‘क्रॅक’ नावाची फाइलही. जी वस्तू गूगल फुकटच देतं, तिचं कुलूप कुणी आणि कशाला फोडलं असेल, हा प्रश्न लेखकाला त्या दिवशी पडला नाही. दोन्ही फाइलींवर त्याने डबल क्लिक केलं.

आदल्याच वर्षी चीनमध्ये हीच चूक फार मोठ्या प्रमाणावर झाली होती. आयफोनची अ‍ॅप ज्यात बनतात तो एक्सकोड अ‍ॅपलच्या सर्व्हरवरून फार हळू उतरायचा, म्हणून तिथल्या अनेक प्रोग्रामरांनी बायडूच्या क्लाउडवर कुणीतरी ठेवलेली प्रत घेतली. त्या प्रतीत फेरफार केलेला होता. तिच्यातून तयार होणाऱ्या प्रत्येक अ‍ॅपमध्ये घातक कोड गुपचूप मिसळला जाई, आणि ती अ‍ॅप अ‍ॅपलची तपासणी पार करून थेट अ‍ॅप स्टोअरवर पोचली. वीचॅटसारख्या अ‍ॅपची एक आवृत्तीही त्यातून सुटली नाही. सप्टेंबर 2015 मध्ये हे उघडकीला आलं आणि प्रकरणाला ‘एक्सकोडघोस्ट’ असं नाव पडलं. प्रोग्रामरांनी लिहिलेला कोड चोख होता. बिघाड अवजारातच होता.

लेखकाचं नुकसान त्या मानाने घरगुती. अ‍ॅप तयार झालं, प्ले स्टोअरवर गेलं, आसपासच्या चाळीसेक केंद्रांवर वापरात आलं. तोवर लॅपटॉपवर जाहिरातींच्या खिडक्या आपोआप उघडायला लागल्या होत्या. दुरुस्तीवाल्याने सरळ फॉरमॅट मारला. कोडची झिप फाइल लेखकाने स्वतःलाच मेल करून ठेवली होती, त्यामुळे तो निर्धास्त होता. अ‍ॅपवर सही करणारी किल्ली जिच्यात असते ती कीस्टोअर फाइल मात्र डेस्कटॉपवर होती. ती गेली.

अँड्रॉइडचा नियम सोपा आहे. नव्या आवृत्तीवर जुन्याच किल्लीची सही नसेल, तर फोन तिला अपडेट म्हणून स्वीकारतच नाही. त्या काळी त्यावर उपाय नव्हता. नवं नाव, नवा अ‍ॅप्लिकेशन आयडी घेऊन अ‍ॅप पुन्हा चढवावं लागलं आणि प्रत्येक केंद्रचालकाला फोन करून ‘जुनं काढा, नवं टाका’ असं सांगावं लागलं. काहींनी जुनं आधी काढलं. त्याबरोबर फोनमध्ये साठवलेला सगळा हिशेब पुसला गेला. एका आजोबांनी तर फोनवरच सुनावलं, ‘‘आमची वही बरी, तिला कुलूपच नाही.’’ ते वहीवर परत गेले.

ऑगस्ट 2021 पासून प्ले स्टोअरवरच्या नव्या अ‍ॅपची सहीची किल्ली गूगलकडे राहते. बनवणाऱ्याकडे फक्त अपलोडची किल्ली असते, आणि ती हरवली तर अर्ज करून बदलून मिळते. पण अ‍ॅपची एपीके फाइल तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवरून वाटणार असाल, तर जबाबदारी आजही सगळी तुमचीच. किल्लीच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा, पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा, आणि यातलं काहीही गिटहबवरच्या उघड्या रेपॉझिटरीत टाकू नका.

बाकीच्या अडचणी पैशाने किंवा धीराने सुटतात. स्टुडिओ आज किमान 8 जीबी रॅम मागतो, एम्युलेटर (संगणकावरचा आभासी फोन) चालवायचा तर आणखी. ती नसेल तर एम्युलेटरचा नाद सोडा. फोनच्या सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारा, यूएसबी डीबगिंग चालू करा आणि अ‍ॅप आपल्याच फोनवर तपासा. अ‍ॅप्लिकेशन आयडीमधलं ‘कॉम डॉट एक्झाम्पल’ पहिल्याच दिवशी बदला. प्ले स्टोअर ते घेत नाही आणि एकदा प्रसिद्ध झालेला आयडी कधीच बदलत नाही. गूगलची नोंदणी एकदाच 25 डॉलर, अ‍ॅपलची दरवर्षी 99, शिवाय एक्सकोडसाठी मॅक लागतो तो वेगळाच. 13 नोव्हेंबर 2023 नंतर गूगलकडे वैयक्तिक खातं काढलेल्यांना अ‍ॅप प्रसिद्ध करण्याआधी 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणीही करून घ्यावी लागते. नातेवाईक इथे उपयोगी पडतात.

अ‍ॅप बनवायला कोटलिन ही भाषा शिकावी की फ्लटर हे फ्रेमवर्क, हा वाद नवखी मुलं तासन्‌तास घालतात. लेखकाच्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, अवजार बनवणारी कंपनी उद्या उठून गेली तर तुमच्या हातात काय उरेल? अ‍ॅडोबीने 2020 मध्ये फोनगॅप हे अ‍ॅप बनवायचं अवजार बंद केलं, पण त्याचा मूळ कोड आधीच अपाची फाउंडेशनकडे गेला होता. म्हणून त्यावर उभी असलेली अ‍ॅप कॉर्डोव्हा या नावाने पुढे चालू शकली. मुक्त स्रोताचा हा खरा फायदा. फुकट मिळतं ही त्यातली दुय्यम बाब. मात्र तयार लायब्ररी उचलताना परवाना वाचा: एमआयटी आणि अपाची परवान्यांच्या अटी सैल आहेत, पण जीपीएलचा कोड घालून अ‍ॅप वाटलंत तर स्वतःचा कोडही खुला करावा लागतो.

अँड्रॉइड स्टुडिओच्या अधिकृत डाउनलोड पानावर प्रत्येक फाइलपुढे एसएचए-256 चा लांबलचक आकडा दिलेला असतो. मित्राच्या पेन ड्राइव्हवरून घेणारच असाल, तर निदान उतरलेल्या फाइलचा आकडा काढून त्याच्याशी ताडून पाहा. आणि आपली कीस्टोअर फाइल नेमकी कुठे आहे हे आत्ता सांगता येत नसेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी ती शोधा.